पहिला पेला कोणाच्या हातून?
(तरुण व पालक यांच्यासाठी एक अभ्यासपाठ)

पंचशील हे बौद्ध जीवनाचे अधिष्ठान होय. जयंती असो, बुद्धपौर्णिमा असो, मंगलपरिणय असो वा पुण्यानुमोदन असो; आपल्या प्रत्येक कार्यक्रमाचा आरंभ त्रिसरण-पंचशीलाने होतो. लहान मुलेदेखील ते तोंडपाठ म्हणतात. परंतु एक गोष्ट आपण सर्वांनी कधी ना कधी अनुभवलेली आहे. पहिली चार शिले खणखणीत आवाजात म्हटली जातात आणि पाचव्या शिलाला मागच्या रांगेतील काही आवाज खाली येतात. ज्यांचे आवाज खाली येतात ती माणसे वाईट नव्हेत. ती मनाने प्रामाणिक असतात, म्हणूनच ते शब्द त्यांना जड जातात.

सदर पाठ त्या मागच्या रांगेसाठी आहे. त्याहून अधिक तो त्या रांगेत अद्याप न पोहोचलेल्या १४ ते २५ वयाच्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांसाठी आहे. दारू वाईट, एवढे सांगून हा विषय संपत नाही. ते सर्वांना ठाऊक आहे. पिणाऱ्याला तर अधिकच ठाऊक आहे. म्हणून या पाठात आपण एकच प्रश्न धरून चालणार आहोत. मुलाच्या हातात पहिला पेला येतो, तो कोणाच्या हातून येतो?

१. पाचवे शील काय सांगते?

पाचव्या शिलात सुरा, मेरय आणि मज्ज असे तीन शब्द येतात. धान्य, पीठ, भात आंबवून केलेली ती सुरा. फुले, फळे, मध, गूळ व रस यांपासून केलेले ते मेरय. मज्ज म्हणजे मद आणणारा कोणताही पदार्थ. आपल्याकडे काही जण म्हणतात की, माडी म्हणजे दारू नव्हे, ती झाडाची आहे. काजूची तर घरची आहे. शिलातील दुसरा शब्द या पळवाटेला जागा ठेवत नाही.

या तिन्ही शब्दांहून महत्त्वाचा शब्द म्हणजे पमादट्ठान, अर्थात प्रमादाचे, बेसावधपणाचे स्थान. हिंसा, चोरी, व्यभिचार व असत्य ही चार कृत्ये टाळण्याचे व्रत पहिल्या चार शिलांत आहे. ही चारही व्रते पाळण्यासाठी मन जागे लागते. ते जागेपण राखणे हे पाचव्या शिलाचे काम आहे. घराला चार भिंती असल्या तरी दार उघडे राहिले तर काय उपयोग? पाचवे शील हे त्या घराचे दार होय.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. त्याच्याही आधी, १८८० साली, पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना महात्मा जोतीराव फुले यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांना विरोध केला होता. पिढ्यान्‌पिढ्या नाडलेल्या माणसाच्या हातात चार पैसे येऊ लागले की ते काढून घेणारी पहिली वस्तू कोणती, हे या महापुरुषांनी ओळखले होते.

२. सागत स्थविरांची कथा

विनयपिटकात एक प्रसंग आहे. सागत नावाचे एक भिक्षू होते. त्यांनी आपल्या सामर्थ्याने एका भयंकर नागाला वश केले होते, आणि ही कीर्ती कोसंबी नगरीपर्यंत पोहोचली होती. नगरातील उपासकांना वाटले की, अशा थोर भिक्षूचा सत्कार करावा. भिक्षूंना सहसा न मिळणारी वस्तू कोणती, असे त्यांनी विचारले, तेव्हा काही खोडकर भिक्षूंनी मद्याचे नाव सुचवले. भोळ्या उपासकांनी घरोघरी मद्य तयार ठेवले. सागत भिक्षेला आले, तेव्हा प्रत्येक घरी त्यांना आग्रह झाला. प्रत्येक घरी त्यांनी थोडे थोडे घेतले आणि नगराबाहेर पडताना ते वेशीतच कोसळले.

भिक्षूंनी त्यांना उचलून विहारात आणले व त्यांचे डोके तथागतांच्या दिशेने ठेवून झोपवले. परंतु शुद्ध हरपलेल्या सागतांनी कूस बदलली आणि त्यांचे पाय तथागतांकडे झाले. तेव्हा तथागतांनी भिक्षूंना विचारले की, एरवी हा आदराने वागत नव्हता काय? ज्याने नागाला वश केले, तो आज पाण्यातल्या साध्या सापाला तरी आवरू शकेल काय? आणि भिक्षूंसाठी मद्यपानाचा निषेध करणारा नियम घालून दिला.

या कथेकडे आपण नीट पाहावे. सागतांना कोणी शत्रूने पाजली नाही. ते दुःखी नव्हते, निराश नव्हते. दारूच्या शोधात ते गेले नव्हते. त्यांच्यावर प्रेम करणाऱ्या, त्यांचा मान राखणाऱ्या माणसांनी, आनंदाच्या प्रसंगी, आपल्या हातांनी पेला पुढे केला. प्रत्येक घराने एकच पेला दिला. वेशीत पडलेल्या सागतांसाठी एकटे कोणतेही घर जबाबदार नव्हते, आणि सगळी घरे जबाबदार होती.

आपल्या किनाऱ्यावरील तरुणाची गोष्ट याहून वेगळी नाही.

३. आपल्या किनाऱ्यावरील परिस्थिती

सिंधुदुर्गातील मुलाला दारू शोधावी लागत नाही. ती चार वाटांनी त्याच्यापर्यंत चालत येते.

पहिली वाट झाडाची. माडाची पोय छेदून निघणारा ताजा रस, म्हणजे नीरा, मादक नसतो. परंतु तो लगेच आंबू लागतो आणि काही तासांत त्याची माडी होते. मार्च ते मे या दिवसांत काजूच्या बोंडांचा रस आंबवून त्याची दारू गाळली जाते. हे सारे डोळ्यांसमोर घडत असल्यामुळे मुलाला त्यात काही निषिद्ध वाटत नाही.

दुसरी वाट सीमेची. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला व पुढील वर्षी पूर्ण दारूबंदी झाली, तेव्हा आजचा सिंधुदुर्ग हा रत्नागिरी जिल्ह्याचाच भाग होता. सीमेपलीकडे गोव्यात पोर्तुगीजांची सत्ता होती व दारू खुली होती. १९६१ साली गोवा मुक्त झाला, पुढे महाराष्ट्रातील पूर्ण बंदीही सैल झाली, तरी दोन्हीकडच्या करांतील फरक राहिला. म्हणून बांदा-पत्रादेवी मार्गाने स्वस्त बाटली इकडे येत राहिली आणि इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर पकडलेल्या मालाच्या बातम्या आपण वाचत राहिलो. झटपट पैसे मिळतात म्हणून या वाहतुकीत तरुण पोरे ओढली जातात. पकडला जातो तो गाडी चालवणारा पोरगा. माल ज्याचा असतो तो क्वचितच समोर येतो.

तिसरी वाट पर्यटनाची. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तारकर्ली, देवबाग, मालवण येथे न्याहारी-निवास, होडीची फेरी, स्कुबा डायव्हिंग यांनी अनेक घरांना रोजगार दिला, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु सुट्टीवर आलेला पाहुणा दोन दिवस पितो व परत जातो. त्याची सेवा करणारा आपला मुलगा वर्षाचे सगळे दिवस तीच हवा श्वासात घेतो. पाहुण्याची सुट्टी हे आपले रोजचे जीवन आहे असे त्याला वाटू लागते.

चौथी वाट सर्वांत जवळची आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. ती आपल्या आनंदाची वाट. हळद, वाढदिवस, क्रिकेटचे सामने, निवडणुकीतील जेवणावळी, मे महिन्यात व गणपतीत मुंबईहून येणारे चाकरमानी, आणि सांगताना मान खाली जाते, परंतु आपल्या जयंतीची रात्र. पुढे मंडपात वंदना आणि मागे काळोखात बाटली, हे चित्र कित्येक वाड्यांना अपरिचित नाही. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर चढल्या, मासेमारी थांबली की रिकाम्या संध्याकाळींची त्यात भर पडते.

यातल्या प्रत्येक प्रसंगी शब्द ठरलेले असतात. “घे रे, एका पेल्यान मरत नाय कोण. आता तू मोठो झालस.” हे बोलणारा कोण असतो? मामा, चुलता, मोठा भाऊ, मंडळाचा कार्यकर्ता. मुलगा त्याच्याकडे आदराने पाहत असतो. त्याला दारू हवी असते असे नाही. त्याला ‘मोठा झालास’ हे प्रशस्तिपत्र हवे असते.

४. पेल्यात किती असते?

पुष्कळ तरुणांची समजूत असते की बियर म्हणजे दारू नव्हे. हा हिशेब एकदा कागदावर करून पाहावा.

साधारणपणे ४२.८ टक्के मद्यार्क असलेल्या व्हिस्की किंवा रमच्या ३० मिलीच्या एका पेगात सुमारे १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. ५ टक्क्यांच्या सौम्य बियरच्या ६५० मिलीच्या एका बाटलीत तो सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे अडीच पेगांइतका असतो. ८ टक्क्यांच्या ‘स्ट्राँग’ बियरच्या बाटलीत तो सुमारे ४० ग्रॅम, म्हणजे चार पेगांइतका असतो. “मी फक्त एक बियर घेतली” असे म्हणणारा मुलगा खोटे बोलत नसेल. परंतु त्याच्या शरीराने चार पेग घेतलेले असतात.

पोटात गेलेला मद्यार्क जठर व लहान आतडे यांतून रक्तात जातो. त्याची विल्हेवाट मुख्यतः यकृत लावते आणि त्याची गती ठरलेली असते: तासाला सुमारे एक पेग. लिंबूपाणी, ताक, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांपैकी कशानेही ही गती वाढत नाही. रात्री उशिरापर्यंत पिणाऱ्याच्या रक्तात सकाळी होडी ढकलताना किंवा गाडी चालवतानाही मद्यार्क शिल्लक असू शकतो. सारख्याच प्रमाणात घेतली तरी स्त्रीच्या रक्तातील प्रमाण पुरुषापेक्षा साधारणतः अधिक होते, हेही आपल्या मुलींनी लक्षात ठेवावे.

५. कोवळ्या वयात धोका अधिक का?

(अ) मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालू असते. विचार करून थांबणे, परिणाम ओळखणे, मनावर ताबा ठेवणे ही कामे करणारा कपाळामागचा भाग सर्वांत शेवटी पक्व होतो. दारू नेमका हाच भाग आधी बधिर करते. जेथे ब्रेक अजून पुरता बसलेला नाही, तेथे तो काढून टाकण्यासारखेच हे आहे.

(आ) सुरुवात जितकी लवकर, तितकी सुटका कठीण. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत आढळले की, पंधरा वर्षे वयाच्या आत प्यायला लागलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक आयुष्यात कधी ना कधी दारूच्या आहारी गेले. विसाव्या वर्षी किंवा त्यानंतर सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. म्हणजे पहिला पेला पाच-सहा वर्षे पुढे ढकलला गेला तरी केवढे अंतर पडते पाहा.

(इ) जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०१९ साली जगात सुमारे २६ लाख मृत्यू दारूमुळे झाले. या मृत्यूंतील सर्वांत मोठा हिस्सा, १३ टक्के, २० ते ३९ वयोगटाचा होता. यकृताचा आजार व्हायला वर्षे लागतात. रस्त्यावरचा अपघात, मारामारी, बुडणे व आत्मघात यांना एक रात्र पुरते.

(ई) दारूचा समावेश कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत १९८८ सालीच झालेला आहे. आरोग्याच्या दृष्टीने पूर्णपणे सुरक्षित असे दारूचे कोणतेही प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले आहे.

आपल्या देशापुरते पाहायचे तर केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार १० ते ७५ वयोगटातील सुमारे १६ कोटी लोक दारू घेतात आणि त्यांतील सुमारे ५ कोटी ७० लाखांना त्यासाठी मदतीची गरज आहे. हा आकडा घरांच्या संख्येने वाचावा. एका पिणाऱ्यामागे एक आई, एक पत्नी, दोन मुले धरली तरी किती माणसे जागत बसलेली असतात?

६. रस्ता, समुद्र आणि विषारी दारू

आपल्या जिल्ह्याचे रस्ते अरुंद, वळणाचे व रात्री काळोखाचे आहेत. मोटार वाहन कायद्याप्रमाणे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क असणे हा गुन्हा आहे. सुमारे ६० किलो वजनाच्या पुरुषाची ही मर्यादा दोन छोट्या पेगांतच ओलांडली जाऊ शकते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.

समुद्राला पोहता येणारा माणूसही भितो, म्हणून तो वाचतो. दारू प्रथम ती भीती काढून घेते. देवबागजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते, तशा मुखांजवळ पाण्याची ओढ क्षणात बदलते. प्यालेल्या माणसाला अंतराचा अंदाज राहत नाही, दम लवकर तुटतो आणि अंगातील उष्णता लवकर निघून जाते. होडीच्या कडेवर उभ्या असलेल्या खलाशाचीही हीच गत होते. दर्यावर जन्मलेल्या पोराला दर्या शिकवावा लागत नाही असे म्हणतात. परंतु शुद्धीत नसलेल्याला दर्या ओळख दाखवत नाही.

तिसरा धोका विषारी दारूचा. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी वस्तीत गावठी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. त्याआधी डिसेंबर २००४ मध्ये विक्रोळीतही अशीच दुर्घटना घडली होती. अशा दारूत मिथेनॉल हा औद्योगिक मद्यार्क मिसळलेला असतो. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते व ते डोळ्यांच्या नसा जाळते. अगदी थोडे, सुमारे १० मिली मिथेनॉलही कायमचे अंधत्व आणू शकते. वास, रंग वा चव यांवरून ते ओळखता येत नाही. पिऊन झाल्यावर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी अंधुक दिसणे, पोटात कळा, धाप ही लक्षणे दिसली तर ‘उतरेल’ म्हणून वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे.

७. एक अनुभव

येथे या ओळी लिहिणाऱ्याला स्वतःची एक चूक सांगणे आवश्यक वाटते.

काही वर्षांपूर्वी आमच्या वाडीत हळदीचा कार्यक्रम होता. माझा एक विद्यार्थी तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. आयटीआयचे शेवटचे वर्ष, हुशार, हाताला कसब. मुंबईहून आलेल्या त्याच्या एका नातेवाइकाने त्याच्यापुढे पेला धरला. मुलगा घुटमळला. त्याने माझ्याकडे पाहिले. मी त्याचा शिक्षक, रोज वर्गात उपदेश करणारा. परंतु लग्नघर आहे, पाहुण्याला वाईट वाटेल, एका दिवसाने काय होते, असा विचार करून मी हसलो व दुसरीकडे पाहिले. त्या हसण्याचा अर्थ त्याने परवानगी असा घेतला.

त्याच रात्री पाहुण्याला सोडून परतताना त्याची मोटरसायकल वळणावर गेली. प्राण वाचले, परंतु एक पाय कायमचा अधू झाला. हाती आलेली नोकरीची संधी गेली. त्याची आई मला कधी एका शब्दाने बोलली नाही. पुढे बऱ्याच महिन्यांनी तो स्वतःच म्हणाला, “गुरुजी, तुमी त्या दिसा नुसता ‘नको’ म्हटला असतात, तर मी पेलो खाली ठेवलो असतो.”

मी पेला दिला नव्हता. तरीही त्या दिवसापासून पंचशीलातील पाचवे शील म्हणताना माझाही आवाज खाली येतो. पेला देणारा एक हात असतो. पण तो पाहून गप्प बसणारे अनेक डोळे असतात.

८. कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्रात सौम्य बियर व वाइनसाठी २१ वर्षे आणि इतर दारूसाठी २५ वर्षे ही किमान वयोमर्यादा आहे. त्यापुढेही दारू बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो. परराज्यातील दारू परवानगीविना महाराष्ट्रात आणणे हा गुन्हा आहे. अठरा वर्षांखालील मुलाला दारू देणाऱ्यास बाल न्याय कायदा २०१५ अन्वये सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हा कायदा दुकानदाराइतकाच मामाला आणि चुलत्यालाही लागू आहे.

गावातील परवानाप्राप्त दुकान बंद करण्यासाठी महाराष्ट्रात महिलांच्या मतदानाची तरतूद आहे. २००८ च्या आदेशानुसार चतुर्थांश महिला मतदारांनी मागणी केल्यास गुप्त मतदान घेता येते, आणि निम्म्याहून अधिक मते ‘आडव्या बाटली’ला पडल्यास दुकान बंद होते. अवैध दारूसाठी २०१६ च्या दुरुस्तीने ग्रामसभेला ग्रामरक्षक दल स्थापण्याचा मार्ग दिला आहे. कायदा हे हत्यार आहे. ते उचलणारे हात गावाचेच लागतात.

९. आपण काय करावे?

तरुणांनी: ‘नको’ हा शब्द आधीच तयार ठेवावा, कारण आयत्या वेळी तो सुचत नाही. “माका नको, गाडी चलवची आसा” एवढे पुरते. कारण सांगत बसू नये. कारण दिले की त्यावर वाद सुरू होतो. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी राजगृहाच्या सिगाल नावाच्या तरुणाला मद्यपानाचे सहा तोटे सांगितले आहेत: धनहानी, भांडणांची वाढ, रोग, अपकीर्ती, लाज सुटणे आणि बुद्धी क्षीण होणे. त्याच सुत्तात पिण्याच्या वेळी सोबत करणारा तो खोटा मित्र आणि आपण बेसावध असताना आपले रक्षण करणारा तो खरा मित्र, अशी ओळख दिली आहे. आपला मित्र प्यालेला असेल तर त्याच्या गाडीची किल्ली काढून घेणारा तो खरा मित्र होय. तो बेशुद्ध झाला तर त्याला कुशीवर वळवावे, उलटी करवू नये, तोंडात काही घालू नये, एकटे सोडू नये आणि १०८ वर फोन करावा.

पालकांनी: मुलाला दुकानात बाटली आणायला पाठवू नये. मुलांसमोर प्यालेल्या गोष्टींच्या गमती सांगू नयेत. मुलाने प्यायल्याचे कळले तर त्याच रात्री आरडाओरडा न करता दुसऱ्या दिवशी शांतपणे बोलावे. मारलेला मुलगा पिणे थांबवत नाही. तो सांगणे थांबवतो. एक हिशेब घरात जरूर मांडावा. दिवसाला १५० रुपये दारूवर गेले तर वर्षाला ५४,७५० रुपये जातात. एवढ्या पैशात मुलीचे कोणते शिक्षण झाले असते, हे तिच्यासमोरच बोलावे.

आहारी गेलेल्याच्या कुटुंबाने: दारूचे व्यसन हा आजार आहे, हे प्रथम मान्य करावे. ‘दारुडा’ म्हटल्याने कोणी बरा झालेला नाही. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम सोडणे धोक्याचे असते. हातपाय कापणे, भ्रम, झटके येऊन जीवही जाऊ शकतो. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दारू सोडवावी. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्रातून असंख्य माणसे बरी होऊन घरी गेली आहेत. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा विनामूल्य असतात. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची निःशुल्क दूरध्वनी सेवा १४४४६ या क्रमांकावर व मानसिक आरोग्याची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते. उपचारानंतर पुन्हा घसरण झाली तर तो शेवट मानू नये. पुन्हा उपचार घ्यावेत.

मंडळांनी: वरील सर्व सूचनांपेक्षा ही सूचना सोपी आहे आणि कठीणही. आपल्या वाडीत यापुढे जयंती, हळद व क्रीडास्पर्धा या प्रसंगी पंचविशीच्या आतील कोणाच्याही हातात आपल्या हातून पेला जाणार नाही, असा ठराव सभेत करावा. मोठ्यांची दारू एका दिवसात सुटेल असे नाही. परंतु मोठ्यांचा हात एका दिवसात थांबू शकतो. संध्याकाळी रिकाम्या राहणाऱ्या मुलांसाठी वाचनालय, व्यायाम, लेझीम, गायनपथक, पोहणे व जीवरक्षक प्रशिक्षण यांपैकी जे जमेल ते सुरू करावे. नुसते दार बंद करून भागत नाही, दुसरे उघडावे लागते.

१०. चर्चेसाठी प्रश्न

(हा पाठ अभ्यासवर्गात वाचल्यानंतर पुढील प्रश्नांवर मोकळेपणाने बोलावे. कोणाचेही नाव घेऊ नये.)

१) सागत स्थविरांच्या पतनाला कोसंबीचे उपासक किती जबाबदार होते?
२) आपल्या वाडीत मुलाला पहिला पेला बहुधा कोणत्या प्रसंगी मिळतो?
३) एका ‘स्ट्राँग’ बियरमधील मद्यार्क शरीरातून जाण्यास साधारण किती तास लागतील?
४) पाहुण्याचा मान आणि मुलाचे हित यांत विरोध आला, तर काय बोलावे? प्रत्यक्ष वाक्य तयार करा.
५) पुढील जयंतीपूर्वी आपण कोणती एक गोष्ट बदलू शकतो?

बंधू-भगिनींनो, कोसंबीच्या त्या उपासकांपैकी एखाद्या घराने जरी पेल्याऐवजी पाण्याचा तांब्या पुढे केला असता, तरी कदाचित सागत विहारापर्यंत आपल्या पायांनी चालत गेले असते. ते घर आपले असावे. पुढल्या हळदीला एखादा मुलगा पेला हातात घेऊन आपल्याकडे पाहील, तेव्हा आपण दुसरीकडे पाहू नये, एवढीच विनंती. मग पाचवे शील म्हणताना मागच्या रांगेतूनही आवाज मोठा येईल.

भवतु सब्ब मंगलम्‌!